मातींतील ठेव

आपल्या भाषेंत जमिनीला लाविलेलीं विशेषणें पाहिलीं तर मोठी मौज वाटते. जी पिकते ती जिराईत किंवा बागाईत. जी दोन-चार वर्षें पिकून पुन्हा विसांवा मागते ती वरकस. आणि जी कांहींच पिकत नाहीं ती पडीक. हा शेवटचा शब्द दप्तरांतून निघून आपल्या मनांतहि जाऊन बसला आहे. 'पडीक' म्हटलें कीं तेथें कांहीं नाहीं आणि कांहीं चाललेलेंहि नाहीं, असें आपण धरून चालतों. सात-बाराच्या उताऱ्यावर 'पोटखराबा' म्हणून जी नोंद असते तिच्यांत तर जमिनीच्या पोटांतच खोड असल्याचा आरोप आहे. वस्तुतः ज्या पोटाला आपण खराब म्हणतों त्या पोटांत काय सांठविलेलें असतें, याविषयीं गेल्या कांहीं वर्षांत आम्हांस जें थोडेंसें कळलें, तेंच आज वाचकांपुढें ठेवावयाचें आहे.

मृगाचा पाऊस होऊन थोडे दिवस लोटले कीं कोंकणांत रस्त्याच्या कडेला, उकिरड्यावर, पडक्या घराच्या जोत्यावर टाकळा उगवतो. त्याची कोंवळी पानें खुडून घरोघर भाजी होते. हा टाकळा कोणीं पेरलेला नसतो. गेल्या वर्षीं बी पडली आणि यंदां रुजली, हें उत्तर सरळ दिसतें; पण तें पुरतें खरें नाहीं. गेल्या वर्षीं पडलेल्या सर्वच बिया यंदां रुजत नाहींत. टाकळ्याच्या बीचें कवच इतकें कठीण असतें कीं पाणी आंत सहसा शिरत नाहीं. ज्या बियांचें कवच उन्हाच्या तापानें अथवा मातीच्या घर्षणानें कोठें तरी चिरलें त्या यंदां उगवतात. बाकीच्या पुढच्या वर्षाची, किंवा त्याच्याहि पुढच्या वर्षाची वाट पाहतात. पहिल्या सरीनंतर मोठी उघडीप पडून सारीं रोपें करपलीं, तरी टाकळ्याचा वंश बुडत नाहीं. आपलें सगळें भांडवल एकाच व्यवहारांत न घालणारा जुना सावकार आणि हा टाकळा यांची अक्कल एकच. मातींत निजलेल्या बीजांच्या या सांठ्याला शास्त्रज्ञांनीं पेढीची उपमा दिली आहे, व ती आम्हांस फार समर्पक वाटते. आम्हीहि तिला बीजपेढीच म्हणूं.

या पेढींतील शिल्लक मोजण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न डार्विननें केला होता. इ. स. १८५९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत तो सांगतो कीं, एका लहानशा तळ्याच्या कांठीं, पाण्याखालच्या तीन जागांतून त्यानें तीन मोठे चमचे चिखल घेतला. वाळल्यावर त्याचें वजन अवघें पावणेसात औंस भरलें. तो चिखल त्यानें आपल्या अभ्यासिकेंत झांकून ठेविला आणि सहा महिने त्यांतून जें जें रोप उगवेल तें तें मोजून उपटून टाकिलें. एकंदर ५३७ रोपें निघालीं. आणि एवढा सगळा चिखल न्याहारीच्या एका पेल्यांत मावत होता! पाणथळ पक्ष्यांच्या पायांना लागून वनस्पति दूरदूर कशा पसरतात, हें दाखविण्याकरितां त्यानें हा खटाटोप केला होता. परंतु ज्या जागीं डोळ्यांना चिखलावांचून दुसरें कांहीं दिसत नाहीं, तेथें एवढी वस्ती दबा धरून बसलेली असते, हेंहि त्यानें आपोआप सिद्ध झालें.

आतां कोणी विचारील कीं, पाणी आहे, माती आहे, तर या बिया उगवत कां नाहींत? याचें उत्तर असें कीं, उगवणें सोपें आहे. उगवून जगणें कठीण आहे. दाट झाडीच्या सांवलींत उगवलेलें बारीकसें रोप उपासानें मरणार, हें ठरलेलें. म्हणून पुष्कळ बारीक बियांच्या अंगीं डोक्यावर पानांचें छप्पर आहे कीं मोकळें आकाश आहे, हें ओळखण्याची शक्ति असते. हिरवें पान सूर्यप्रकाशांतील तांबडे किरण शोषून घेतें, व त्यापलीकडचे, आपल्या डोळ्यांना जेमतेम दिसणारे अतितांबडे किरण खालीं जाऊं देतें. इ. स. १९५२ मध्यें अमेरिकेंत बेल्ट्सव्हिल येथील संशोधकांनीं सॅलडच्या एका जातीच्या बियांवर प्रयोग करून दाखविलें कीं, तांबड्या प्रकाशाची तिरीप मिळाली कीं बी रुजते, अतितांबड्याची मिळाली कीं थांबते. आणि दोन्ही आलटून-पालटून कितीहि वेळां दाखविले तरी शेवटची तिरीप जी असेल तिचेंच ती ऐकते. याशिवाय उघड्या जमिनीवर दिवसा ऊन आणि रात्रीं गारवा असा जो फरक पडतो, त्याचीहि खूण पुष्कळ बियांना पटते. रानांत एखादा जुना वृक्ष कोसळला कीं त्या जागीं महिन्याभरांत हिरवळीची गर्दी उसळते, तिचें मर्म हें आहे. प्रकाश कांहीं नवीन निर्माण करीत नाहीं. तो ठेवीदारांना फक्त हांक मारतो.

ही निद्रा किती काळ टिकूं शकते, हें पाहण्यासाठीं अमेरिकेंतील मिशिगन येथील विल्यम बील या प्राध्यापकानें इ. स. १८७९ मध्यें वीस बाटल्या भरल्या. प्रत्येक बाटलींत वीसाहून अधिक जातींच्या तणांच्या प्रत्येकीं पन्नास बिया ओलसर वाळूंत मिसळून त्यानें त्या जमिनींत पुरल्या. शेतकऱ्यानें किती वर्षें निंदणी केली म्हणजे तण संपतें, एवढाच त्याचा साधा प्रश्न होता. प्रथम दर पांच वर्षांनीं, मग दहा वर्षांनीं, आणि पुढें वीस वर्षांनीं एकेक बाटली काढावयाची असें होत गेलें. बील वारला, त्याचे शिष्यहि वारले; बाटल्यांचा नकाशा एका पिढीच्या हातून दुसरीच्या हातीं जात राहिला. इ. स. २०२१ च्या वसंतांत, प्रकाशाचा किरण लागूं नये म्हणून रात्रीच्या अंधारांत, एक बाटली उकरून काढण्यांत आली. आणि १४१ वर्षांपूर्वीं पुरलेल्या एका पिंवळ्या फुलांच्या तणाच्या बिया रुजल्या. शेवटची बाटली इ. स. २१०० मध्यें काढावयाची आहे. बिचाऱ्या शेतकऱ्याच्या प्रश्नाचें उत्तर अद्याप पुरतें हातीं आलेलें नाहीं!

शास्त्रज्ञांच्या योजनेवांचूनहि असा प्रयोग कधीं कधीं घडून येतो. पहिल्या महायुद्धांत फ्लँडर्सची भूमि तोफगोळ्यांनीं उलथीपालथी झाली, तेव्हां तिच्यांत निजलेल्या तांबड्या खसखशीच्या बिया वर येऊन रणभूमि फुलांनीं भरली. इ. स. १९४० च्या सप्टेंबरांत लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयावर बाँब पडले. आग विझवितांना मारलेल्या पाण्यानें तेथें जपून ठेविलेल्या कांहीं बिया भिजल्या, आणि आपल्या शिरिषाच्या जातभाईच्या, चीनमधून इ. स. १७९३ मध्यें आणलेल्या बियांना मोड आले. संग्रहालयाचें कपाट म्हणजे माती नव्हे, हें खरें. तथापि कठीण कवचाच्या बीची सहनशक्ति त्यावरून कळून येते.

येथवर वाचून एखाद्याला वाटेल कीं, मग चिंता कसली? रान तोडलें तरी त्याची ठेव मातींत सुरक्षित आहे. मनांत येईल तेव्हां काढून घ्यावी. आमचीहि समजूत फार तर याच्या जवळपासचीच राहिली असती. परंतु घरांतल्या एका व्यवहारामुळें आम्हांस हा हिशेब अधिक बारकाईनें पाहावा लागला.

रत्नागिरी जिल्ह्यांत आमच्या घराण्याचा थोडासा डोंगरउतार आहे. वडिलांच्या काळीं तेथें आळीपाळीनें नाचणी आणि वरी होत असे, व राबासाठीं ऐन-किंजळाच्या फांद्या दरसाल छाटल्या जात. पुढें माणसें मुंबईला गेलीं, नांगर थांबला, आणि तीस वर्षांत त्या उतारावर झाडोरा माजला. आमचे थोरले बंधू गांवीं राहतात. गेल्या कांहीं वर्षांत आसपासच्या उतारांवर बुलडोझर फिरून काजूच्या बागा झाल्या, तशी ती आपल्याहि उतारावर करावी, असें त्यांच्या मनानें घेतलें. त्यांचें म्हणणें अविचाराचें मुळींच नव्हतें. इ. स. १९९० पासून रोजगार हमीशीं जोडलेल्या फळबाग योजनेनें कोंकणांतील कित्येक घरांना आधार दिला आहे. आमच्या घराचीं कौलें तर दर पावसाळ्यांत गळतात, आणि वहिनींच्या औषधपाण्याचा खर्च चालूच आहे.

"अरे, तुझ्या झुडपांनीं घर शाकारतां येणार आहे का?" दादांनीं विचारलें.

"तुम्ही म्हणतां तें खरें आहे, दादा," आम्ही म्हणालों. "पण एक पावसाळा थांबा. त्या मातींत काय आहे तें आधीं पाहूं, मग तुम्ही सांगाल तसें करूं."

दादा थांबले. डार्विनच्या पेल्याची गोष्ट त्यांना सांगितली, तेव्हां ते हंसले. पण आंब्याच्या तीन रिकाम्या पेट्या त्यांनींच माळ्यावरून काढून दिल्या. एका पेटींत आमच्या उतारावरची वरची बोटभर जाडीची माती घातली. दुसरींत देवराईच्या कडेची; राईंतली काडीहि बाहेर न्यावयाची नाहीं असा दंडक असल्यामुळें माती हद्दीबाहेरून, पण राईच्या झाडांच्या छायेंतून घेतली. तिसरींत, दोन वर्षांपूर्वीं यंत्रानें खरवडलेल्या जवळच्या एका उताराची. वाऱ्यानें नवें बीं येऊन पडूं नये म्हणून तिन्ही पेट्यांवर जुन्या धोतराचा पातळ कपडा ताणला. पाणी घालण्याचें व रोपें मोजण्याचें काम दादांच्या नातीनें आपणहून पत्करलें.

आमच्या उताराची पेटी आठवड्याभरांतच हिरवी झाली. गवतें, टाकळा, तेरडा, कुर्डू यांनीं गर्दी केली, आणि पुढें त्यांच्यांतून चांदाड्याचीं गोलसर पानें डोकावूं लागलीं. तिसऱ्या पेटींत गवताच्या दोन-चार काड्या आणि रानमोडी, एवढेंच निघालें. हें दोन्ही आमच्या अपेक्षेप्रमाणें झालें. खरा पेंच राईच्या मातीनें घातला. तींतूनहि रोपें निघालीं. चांदाडा निघाला, कांहीं वेली निघाल्या. परंतु ज्या प्रचंड वृक्षांच्या खालून ती माती आणली त्यांतला एकहि त्या पेटींत उगवला नाहीं.

"म्हणजे तुझ्या राईच्या मातीला राईचाच विसर पडला कीं!" दादा म्हणाले.

हा टोमणा नेमका वर्मावर बसणारा होता, आणि त्याचें उत्तर शोधतांनाच या विषयाचें दुसरें अंग आमच्या ध्यानांत आलें. मातीच्या पेढींत ठेव ठेवणारीं बहुतेक झाडें हीं घाईचीं, उन्हाचीं, अल्पायुषी असतात, चांदाडा त्यांतलाच. पुराण्या रानांतील थोर वृक्ष या पेढींत सहसा खातें उघडीत नाहींत. त्यांचें बीं मोठें, रसभरित आणि नाजूक असतें. तें वाळलें कीं मेलें. आंब्याची कोय, फणसाची आठळी किंवा जांभळाची बी फार दिवस ठेवून लावतां येत नाहीं, हें कोंकणांतल्या पोरालाहि ठाऊक आहे. मध्य हिंदुस्थानांतील साल वृक्षाचें बीं तर पावसाच्या तोंडावर गळतें आणि जेमतेम आठवडाभर जगतें. अशा वृक्षांची पुंजी बियांत नसून रोपांत असते. सालाचीं लहान रोपें सांवलींत वर्षानुवर्षें तग धरतात. दरसाल त्यांचे शेंडे वाळतात, पण जमिनींतलें मूळ पोसत जातें, आणि वर मोकळीक मिळाली म्हणजे तीं एकदम उंच होतात.

तेव्हां रानाची पुनर्घटना ही एका पेढीवर चालत नाहीं. तिला तीन-चार ठिकाणांहून भांडवल येतें. मातींतलें निजलेलें बीं ही पहिली पुंजी. तोडलेल्या झाडांचे जिवंत खुंट ही दुसरी. आमच्या उतारावरचे ऐन आणि किंजळ हे वर्षानुवर्षें छाटले जाऊनहि फुटत राहिले, तें याच बळावर. सांवलींतलीं दबलेलीं रोपें ही तिसरी. आणि चौथी म्हणजे बाहेरून येणारी रसद: धनेश, वटवाघूळ, उदमांजर यांच्या पोटांतून व चोंचींतून आलेलें बीं. या चौथ्या भांडवलाला मात्र जवळपास कोठें तरी फळणारा मातृवृक्ष शिल्लक असावा लागतो. गांवची देवराई आमच्या उतारापासून हांकेच्या अंतरावर आहे, हा आमच्या जमिनीचा कोणत्याहि उताऱ्यावर न नोंदलेला मोठा हक्क होय.

आतां कुऱ्हाड आणि बुलडोझर यांतील अंतर वाचकांच्या सहज लक्षांत येईल. कुऱ्हाड झाड नेते, पण खुंट ठेवते, रोपें ठेवते, माती तर ठेवतेच. नाचणीसाठीं केलेली भाजणीहि वरच्या पातळ थरापलीकडचें सगळेंच मारीत नाहीं. म्हणून तर वरकस जमीन सोडून दिली कीं पुन्हा झांकली जात असे. परंतु मातींतलें बहुतेक जिवंत बीं वरच्या चार बोटांतच असतें, आणि यंत्राचें पातें पहिल्या फेरींतच तेवढा थर, खुंटांसह आणि रोपांसह, दरींत लोटून देतें. तिसऱ्या पेटींत काय उगवलें नाहीं, याचें कारण तेवढेंच. ठेव, खातें आणि वह्या एकाच दिवशीं गेल्यावर उभारी येण्यास किती अवधि लागतो, हें क्राकाटोआ बेटावर जगानें पाहिलें आहे. इ. स. १८८३ च्या ज्वालामुखी स्फोटांत तें बेट तप्त राखेखालीं गाडलें गेलें. दुसऱ्या वर्षीं तेथें गेलेल्या निसर्गशास्त्रज्ञाला सजीव म्हणून एक लहानसा कोळी सांपडला. त्यानंतर वारा, समुद्र आणि पक्षी यांनीं एकेक बीं आणून टाकिलें, आणि तेथें पुन्हा दाट रान उभें राहण्यास सुमारें अर्धें शतक लागलें. शेजारीं जावा आणि सुमात्रा यांचीं अरण्यें होतीं म्हणून तेवढ्यांत भागलें.

तथापि मातीला नुसतें हात न लावणें हाच धर्म, असेंहि आमचें म्हणणें नाहीं. पेढी चांगल्याची ठेव घेते तशी वाईटाचीहि घेते. पुण्याच्या आसपास इ. स. १९५५-५६ च्या सुमारास डोळ्यांत भरूं लागलेलें गाजरगवत आज देशभर पसरलें आहे, तें त्याच्या असंख्य बारीक बियांच्या बळावर. घाणेरी आणि रानमोडी यांनीं सह्याद्रीचे कित्येक उतार व्यापले आहेत. ज्या मातींत यांचाच भरणा अधिक, ती आपल्या मर्जीवर सोडली तर त्यांचेंच रान माजेल. तेथें फुलोऱ्यापूर्वीं उपटणें, वणवा रोखणें, कांहीं वर्षें गुरें आंवरणें, एवढी मेहनत माणसानें केलीच पाहिजे.

परंतु आपली हौस या मेहनतीची नसते. ती खड्ड्यांची असते. इ. स. २०१९ च्या पावसाळ्यांत महाराष्ट्रांत तेहेतीस कोटी रोपें लावण्याचा संकल्प सोडण्यांत आला होता. संकल्पाच्या हेतूविषयीं आम्हांस शंका नाहीं. उजाड, खरवडलेल्या जमिनीवर रोप लावावेंच लागतें. पण जेथें माती जिवंत आहे, खुंट फुटत आहेत, पांखरें येत आहेत, तेथें आधीं झुडपें साफ करून मग ओळीनें खड्डे खणणें, म्हणजे घरची पुंजी उधळून कर्ज काढण्यासारखें आहे. लावलेलें झाड मोजतां येतें, त्याशेजारीं उभें राहून छायाचित्र काढतां येतें. आपोआप उगवलेल्याचा जमाखर्च कोणाच्याच नांवावर पडत नाहीं. एका पावसाळ्यापुरतें थांबून, कपडा ताणलेल्या चार पेट्यांत माती ठेवून पाहावी, एवढी साधी चौकशी खड्डे खणण्यापूर्वीं व्हावयास काय हरकत आहे?

आमच्या उताराचा निकाल शेवटीं वहिनींनीं लाविला. खालचा, रस्त्यालगतचा सपाटसा भाग काजूला द्यावा, पण खड्डे माणसांच्या हातांनीं खणावेत. वरचा चढ, जो राईच्या बाजूला आहे, तसाच ठेवावा. आणि कौलांचें काम एक वर्ष पुढें ढकलावें. "इतके पावसाळे गळलें, आणखी एक गळेल," असें त्या म्हणाल्या, व दोघां भावांना गप्प बसणें भाग पडलें. काजूचें उत्पन्न दादांनीं योजलें होतें त्याच्या निम्म्यानेंहि येईल कीं नाहीं कोण जाणे; आणि तो तोटा आमच्यापेक्षां गांवीं राहणाऱ्या त्या दोघांनाच अधिक सोसावा लागणार, हें आम्ही विसरत नाहीं. म्हणून रानमोडी उपटण्याची मजुरी आणि उन्हाळ्यापूर्वीं जाळरेषा काढण्याचा खर्च आम्ही आपल्याकडे घेतला आहे.

पुढील पिढीसाठीं वाटणीचा कागद झाला, तेव्हां वरच्या चढावर यंत्र नेऊं नये, अशी एक ओळ आम्हीं त्यांत घालविली. कागदाचें बळ किती असतें तें आम्ही जाणतों. तथापि ती ओळ लिहितांना दादांनीं लेखनिकाला थांबविलें आणि 'पडीक' हा शब्द खोडून त्या जागीं 'राखीव' असा घालावयास सांगितला.